लुंगीवाला जावई

बाबुलाल मेश्रामला जगात दोनच गोष्टींचा मनापासून राग होता. एक, न सांगता खाली येणारा दगड. दोन, लुंगी नेसून हिंडणारा माणूस.

पहिल्या रागाचं कारण सरळ होतं. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत तो तीस वर्षं ड्रेसर होता. म्हणजे सुरुंग उडाले, धूर बसला की सगळ्यांच्या आधी आत जायचं, लोखंडी सब्बलीनं डोक्यावरचं छत ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. टण वाजलं तर दगड भरीव, ढब वाजलं तर पोकळ. पोकळ असेल तो आपणच पाडायचा, म्हणजे तो दुसऱ्याच्या डोक्यात पडत नाही. बाबुलाल 'या आता' म्हणत नाही तोवर साहेबसुद्धा आत पाऊल टाकत नसत. असा मान मिळालेल्या माणसाला आपल्या नजरेचा जरा गर्व असतोच. बाबुलालला जरा जास्त होता.

दुसऱ्या रागाचं कारण होतं त्याचा जावई अश्विन.

चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तृप्तीचं लग्न लाखनीच्या अश्विन रामटेकेशी झालं. पोरगा चांगला होता. हायवेला त्याचं ट्रकच्या लाइट आणि वायरिंगचं दुकान होतं, तोंडात शिवी नव्हती, खिशात तंबाखूचा खर्रा नव्हता. पंधरा दिवसांनी तृप्ती माहेरी आली आणि बाबुलालनं जावयाचं पहिलं जेवण ठरवलं. बकरा कापला. अर्धी कॉलनी बोलावली. सावलीला मांडव टाकला, जावयासाठी पाट मांडला, आणि बारा वाजता लाखनीहून फोन आला की जावयाला ताप आहे, येता येत नाही.

ताप कोणालाही येतो. बाबुलालनं ते गिळलं. पण तिसऱ्या दिवशी कॉलनीतला किराणावाला घनश्याम आपल्या कामानं लाखनीला जाऊन आला आणि दुकानात बसल्या बसल्या सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमचा जावई तं मस्त हाय बाबुलालभाऊ. दुकानासमोर लुंगी नेसून उभा होता. ट्रकवाल्यासंगं हासून राहिला होता."

झालं. बाबुलालच्या मनातून जावई त्या दिवशी जो उतरला तो उतरलाच. जावयाला बकऱ्यापेक्षा लुंगी प्यारी, म्हणून सासुरवाडीला येत नाही, असं तो म्हणू लागला. तृप्तीला त्यानं पुढचे तीन आठवडे जाऊ दिलं नाही. ती रोज जायचं म्हणायची, रोज रडायची, आणि बाबुलाल रोज एकच सांगायचा, "तो घ्याले येईन, तवाच जाशीन." शेवटी अश्विन आला, पँट घालून आला, खाली मान घालून बायकोला घेऊन गेला. तेव्हापासून चिखल्यात त्याचं नाव लुंगीवाला पडलं. सासरे-जावई एकमेकांशी चार वर्षांत चाळीस शब्द बोलले असतील तर शपथ.

आणि आता डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, कंपनीच्या क्वार्टरसमोर, तोच बाबुलाल लुंगी नेसून, दोन पायांत वीतभर अंतर ठेवून, नव्या नवरीसारखा जपून चालत होता. नशिबाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यानं हे पाहायला हवं होतं.

झालं होतं असं, की बाबुलालला आठ वर्षांपासून शुगर होती. शुगरनं दोन वर्षांपासून नको त्या जागी त्रास द्यायला सुरुवात केली. पुढची कातडी आवळत गेली, चिरा पडायच्या, लघवीला आग व्हायची, औषधानं बरं वाटायचं आणि महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काका, ही कातडी काढावी लागेल. सुंता करावी लागेल."

बाबुलाल म्हणाला, "साहेब, आमी बुद्धिस्ट आहोत."

"शुगर धर्म विचारत नाही, काका," डॉक्टर म्हणाले.

जागा बधिर करून अर्ध्या तासात काम उरकलं. संध्याकाळच्या आत बाबुलाल मालनबाईबरोबर तुमसरच्या बसमध्ये होता. तृप्तीनं नवऱ्याला गाडी घेऊन पाठवते म्हटलं होतं, पण बाबुलालनं 'मले काही लुंगीवाल्याची गरज नाही' म्हणून तिला उडवून लावलं. निघताना डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. कोणत्या दिवशी काय दिसेल, कशाला घाबरायचं, कशाला नाही, असं सगळं त्यावर मराठीत लिहिलेलं. तो कागद बसमध्ये कोणाच्या नजरेस पडला तर, या धास्तीनं बाबुलालनं त्याचे बारीक तुकडे केले आणि खिडकीतून सोडून दिले. ते तुकडे कोणाच्या धानाच्या बांधीत पडले असतील ते असोत. पण तो कागद टिकला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

कॉलनीला काय सांगायचं, हा प्रश्न मालनबाईनं एका वाक्यात निकालात काढला. शेजारणी आल्या तेव्हा ती म्हणाली, "लहानसं ऑपरेशन हाय. कमरेच्या खाली, मांडीच्या वर. आनखी काही विचाराचं हाय काय?" कोणालाच काही विचारायचं नव्हतं.

पहिले पाच दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात भिजवून पट्टी काढली, पण ती बाबुलालनं डोळे मिटून काढली. छताखाली तीस वर्षं उभं राहिलेला माणूस स्वतःकडे बघायला घाबरत होता, हे त्याला स्वतःलाही कबूल नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी मात्र त्यानं मनाचा हिय्या केला. न्हाणीचं दार लावलं, कडी दोनदा तपासली आणि पाहणीला सुरुवात केली.

पहिली अडचण पोटाची. सरळ खाली पाहिलं की पोटच दिसे आणि तिथंच पाहणी संपे. म्हणून त्यानं दाढीचा आरसा एका हातात धरला. दुसऱ्या हातात लुंगी. न्हाणीत उजेड बेताचा, म्हणून बॅटरी हवी, आणि बॅटरी धरायला तिसरा हात नाही. खाणीत दिवा टोपीवर असतो, दोन्ही हात मोकळे राहतात. पण टोपीचा दिवा कंपनीच्या लॅम्परूममध्ये जमा होता. शेवटी बाबुलालनं बॅटरी दातांत धरली आणि आरसा खाली नेला.

जे दिसलं त्यानं त्याच्या तोंडून बॅटरी पडायची वेळ आली. खालच्या बाजूनं कातडी फुगून गोल झाली होती. टोकाला पिवळा ओलसर थर. टाक्यांच्या दोऱ्यांची टोकं इकडं तिकडं उभी. आणि त्याखाली, पार मुळापर्यंत, रंग काळा. काळा म्हणजे जांभळटही नाही, सरळ काळा.

बाबुलालला काळ्याची ओळख होती. त्याचा थोरला भाऊ कवडू सानगडीला असतो. त्यालाही शुगर. सहा वर्षांपूर्वी कवडूच्या पायाचा अंगठा काळा पडला. 'चप्पल चावली' म्हणून त्यानं महिनाभर कोणाला दाखवला नाही. मग नागपूरला नेला, तेव्हा आधी अंगठा कापला, मग अर्धं पाऊल, मग घोट्यापर्यंत. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बाबुलालच बसला होता तेव्हा. शुगरच्या माणसाचं काळं पडलं की कापतात, एवढी एकच डॉक्टरी त्याला ठाऊक होती, आणि ती त्यानं डोळ्यानं पाहिली होती.

तो न्हाणीतल्या दगडावर बसायला गेला आणि बसवत नाही हे आठवून पुन्हा उभा राहिला.

एकच आशा होती. काळं दोन प्रकारचं असतं. एक कवडूचं, आणि दुसरं खाणीचं. मॅंगनीजची काळी भुकटी माणसाच्या अंगात मुरते. नखांत, तळहाताच्या रेषांत, कानामागं. साबणानं ती निघत नाही, पण लिंबू चोळलं की निघते. बाबुलाल पाळीवरून आला की मालनबाई त्याच्या हातावर आधी अर्धं लिंबू ठेवायची, मग चहा. तेव्हा बाबुलालच्या डोक्यानं हिशोब मांडला: तीस वर्षं आत मुरलेली ती भुकटी, कातडी कापल्यावर वर आली असेल. लिंबू लावून पाहायचं. निघाली तर खाणीची. नाही निघाली तर कवडूची. छताला सब्बल मारावी तशी ही परीक्षा होती, आणि त्याला त्यात काहीच चूक दिसली नाही.

त्यानं दार उघडून स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणलं, दार लावलं, आणि परीक्षा घेतली.

त्यानंतर जो आवाज आला तो शेजारच्या तीन क्वार्टरपर्यंत गेला. मालनबाई धावत दाराशी आली. "काय झालं जी?"

आतून पाण्याचे तांबे ओतल्याचा आवाज आला, एकामागून एक, सात-आठ. मग बाबुलाल म्हणाला, "काही नाही. पाय घसरला."

काळं निघालं नव्हतं.

बाहेर आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. सकाळी जेवला नाही. मालनबाईनं विचारलं तर म्हणाला, "माही सब्बल माह्या हाताखालच्या यादोरावले दे. चांगला पोरगा हाय, कान चांगला हाय त्याचा. सायकल तृप्तीले." मालनबाईनं त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग ती न्हाणीत गेली. तिला दगडावर पिळलेलं अर्धं लिंबू दिसलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात बाईला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. तिनं मोबाइल घेतला, मागच्या दारी गेली आणि लेकीला फोन लावला.

"तृप्ती, तुह्या बापानं लिंबू लावलं वं."

पलीकडून तृप्ती म्हणाली, "मी ह्यायले पाठवतो. आता बाबा नाही म्हनू दे नाही तं काही म्हनू दे."

दोन वाजता क्वार्टरसमोर एक पिकअप गाडी थांबली. अश्विन उतरला. तिशीचा, सडपातळ, हाताला ग्रीसचा वास. एका हातात हवा भरलेली स्कूटरची ट्यूब होती आणि दुसऱ्या हातात श्रीखंडाचा रिकामा, धुतलेला डबा, त्याचा तळ कापून काढलेला. मालनबाईनं पाणी दिलं. त्यानं ते उभ्यानंच प्यायलं आणि विचारलं, "मामाजी कुठं हायेत?"

"भिंतीकडे पाहून राहिलेत."

अश्विन आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. बाबुलालनं मान वळवून पाहिलं, जावई पाहिला, पुन्हा भिंत पाहिली.

"मामाजी, ह्या ट्यूबवर बसा. मधात जागा राहाते, दाबत नाही."

"कोनं सांगतलं तुले?"

"आनि हा डबा," अश्विन म्हणाला, "चड्डीच्या आत लावाचा. कपडा घासत नाही मंग."

बाबुलालनं डब्याकडे पाहिलं. श्रीखंडाच्या डब्याचा असा उपयोग कोणाच्या डोक्यात येईल, हे त्याला कळेना. पण तो विचार पुढं न्यायच्या मनःस्थितीत नव्हता.

"आता दाखवा," अश्विन म्हणाला.

"काय दाखवा?"

"जिथं लिंबू लावलं ते."

बाबुलाल उठून बसला, कळवळला, ट्यूबवर सरकला आणि मग म्हणाला, "जावयाले कोनी दाखवते काय? चिखल्यात असं कधी झालं नाही."

"लाखनीतबी नाही झालं," अश्विन म्हणाला. "पन तुमीच तं सांगता. आमच्या साक्षगंधात सांगतलं, लग्नात सांगतलं, तृप्तीच्या मामाच्या तेरवीलेबी सांगतलं. छत एकट्यानं पाहू नये. एकानं ठोकाचं, एकानं लाइट धराची. एकट्याले भेव वाटते न भेव असलं का मानूस चुकीचं आयकते."

हे बाबुलालचंच वाक्य होतं. खाणीतला पहिला नियम. तीस वर्षांत त्यानं तो एकदाही मोडला नव्हता, आणि आज सकाळी दाराला कडी लावून मोडला होता. त्यानं खिडकीचा पडदा ओढला, छताकडं बघितलं आणि लुंगी सोडली.

अश्विननं मोबाइलची लाइट लावली. तो वाकला आणि नीट पाहू लागला, ट्रकच्या वायरिंगमध्ये बघावं तितक्या शांतपणे. चेहऱ्यावर ना किळस, ना हसू.

"ताप आला काय?"

"नाही."

"लघवी मोकळी होते?"

"होते. आधीपेक्षा बरी."

"रक्त गळते? वास मारते? दुखनं रोज वाढून राहिलं काय? लाली पोटाकडे चढून राहिली काय?"

चारही नाही. दुखणं उलट कमीच होत होतं, लिंबाचा अर्धा तास सोडला तर.

"थंड पडलं काय? सुन्न?"

"सुन्न असतं तं लिंबू कळलं असतं काय?" बाबुलाल म्हणाला.

अश्विनला हसू येता येता राहिलं. "मंग हे रक्त हाय मामाजी. कापलं तवा कातडीखाली साचलं, खाली उतरलं. मार लागल्यावर डोळ्याभवती काळंनिळं होते न, तसं. आठ दिवसांत जांभळं होईन, मंग हिरवं, मंग पिवळं, मंग काहीच नाही. सूज खालच्याच बाजूले राहाते. मानसाले दोन-तीन आठवडे लागते, तुमाले शुगर हाय तं चार लागतीन. आनि हे पिवळं पू नाही. पू वाहाते, घान वास मारते. ही ओली खपली हाय. खरडाची नाही, आपोआप जाते."

"मंग कापनार नाही?"

हा प्रश्न बाबुलालनं इतक्या बारीक आवाजात विचारला, की खाणीत त्याच्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही तो त्याचा आवाज वाटला नसता. सकाळपासून त्याच्या छातीवर बसलेला दगड हाच होता. त्याला मरणाची नव्हती भीती, कवडूसारखं तुकड्यातुकड्यानं संपायची होती.

"नाही कापत, मामाजी."

बाबुलालचे डोळे भरले. ते पुसायला त्यानं लुंगीचं टोक उचललं आणि मग लुंगी सावरायची राहिली आहे हे लक्षात येऊन ती आधी सावरली. सावरता सावरता जुनी खोड परत आली. "पन तुले काय मालूम? तू तं वायरिंग करतो."

अश्विननं मोबाइलची लाइट बंद केली.

"माहंबी झालं हाय, मामाजी."

बाबुलाल ट्यूबवर त्याच्याकडे वळला.

"कवा?"

"लग्नानंतर पंधरा दिवसानं. मले आधीपासून तरास होता, पन तो तरास हाय हेच मालूम नव्हतं. लग्नानंतर कळलं. तृप्तीच म्हने, डॉक्टरले दाखवा. ती माहेरी आली न मी दवाखान्यात गेलो. म्हटलं, तिकडून येईपर्यंत बरं होऊन जाईन." तो थांबला. "तुमचं जेवन होतं, तो नववा दिवस होता. गाडीवर बसता येत नव्हतं. पँट घालता येत नव्हती."

बाबुलालनं मनातल्या मनात बोटं मोजली. नववा दिवस. बकरा. मांडव. रिकामा पाट. आणि बाराव्या दिवशी घनश्यामनं पाहिलेली लुंगी.

तो लुंगीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. अश्विननंच मोकळं केलं. "डॉक्टरले फोटो पाठवू काय? एकदा त्यायच्या तोंडून आयकलं म्हनजे तुमचं मन शांत होईन."

"पाठव," बाबुलाल म्हणाला. "पन माहा चेहरा नको येऊ देऊ."

दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी तेच सांगितलं, वर शुगर तपासा आणि उद्या एकदा येऊन दाखवून जा म्हणाले. मग अश्विननं लिंबाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "काकांना सांगा, लिंबू सरबतात घालतात. तेही बिनसाखरेच्या."

दुसऱ्या दिवशी अश्विननंच पिकअपमधून त्याला भंडाऱ्याला नेलं, ट्यूबवर बसवून. डॉक्टरांनी पाहिलं, मान डोलावली आणि त्या छापील कागदाची दुसरी प्रत दिली. बाबुलालनं ती घडी करून वरच्या खिशात ठेवली. या खेपेला फाडली नाही.

पुढचे दिवस त्या कागदाप्रमाणेच गेले, जरा रेंगाळत. काळं जांभळं झालं, जांभळं हिरवट झालं. बाबुलाल रोज सकाळी आठ वाजता मागच्या दारी उभं राहून लाखनीला फोन करायचा. मालनबाईला वाटायचं लेकीशी बोलतो. पण फोन जावयाला असे.

"दोन दोरे पडले आज, आंघोळीत."

"पडू द्या. ओढजा नको."

"साल निघून राहिली पातळ."

"मलेबी निघाली होती. मंग चमक जाते, कातडी कोरडी पडते. तसंच राहाते ते."

"कपडा लागला तं झोंबते अजून."

"उघड्यावर राहाची सवय नाही न त्या जागेले. महिन्याभरात होते. डबा लावला काय?"

"लावला."

कुणी ऐकलं असतं तर दोन शहाणी माणसं काय बोलत आहेत असा प्रश्न पडला असता. पण चार वर्षांत जे चाळीस शब्द झाले होते ते आता रोज सकाळीच होऊ लागले. चौथ्या आठवड्यात सूज उतरली. शिवणीची एक रेघ राहिली, तिच्या वरचा रंग फिका, खालचा गडद. बाबुलालला ते दोनरंगी काही पटेना. अश्विननं सांगितलं की रेघ मऊ पडेल पण रंगाचा फरक राहील, त्याचाही राहिला आहे. मग बाबुलालला ते पटलं. सहाव्या आठवड्यात तो खाणीत उतरला, टोपीवर दिवा, हातात सब्बल, आणि पहिल्याच छताला ठोकून 'या आता' म्हणाला.

त्याच आठवड्यात त्यानं मालनबाईला सांगितलं, "रविवारी जावयाचं जेवन ठेवाचं हाय. पहिलं."

"पहिलं कसं? चार वर्सं झाली लग्नाले."

"पहिलंच," बाबुलाल म्हणाला.

बकरा कापला. कॉलनी बोलावली. तोच मांडव, तोच पाट. तृप्ती सकाळीच आली आणि बापाला पाहून दारातच थबकली. बाबुलाल पाहुण्यांच्या स्वागताला नवी कोरी चौकड्याची लुंगी नेसून उभा होता.

"पँट काहून नाही घातली जी?" मालनबाईनं हळूच विचारलं. "आता तं झालं न बरं."

"मन नाही झालं," बाबुलाल म्हणाला.

पंगत बसली. अश्विन पाटावर बसला, जरा अवघडून. घनश्याम समोरच्या रांगेत होता आणि त्याला ते जुनं वाक्य चघळायची सवय होती. मटण ताटात पडायच्या आधीच तो म्हणाला, "आले बाप्पा आज लुंगीवाले जावई."

दोघं-तिघं हसले. तृप्तीची मान खाली गेली. बाबुलाल मटणाचं भगुणं आणि पळी घेऊन रांगेतून येत होता. तो थांबला.

"लुंगीवाला मी हाय घनश्याम," तो म्हणाला. "पाहून घे. ह्याचं नाव अश्विन हाय. त्या दिवशी हा आला नाही तं काही कारन होतं. ते कारन मले मालूम हाय न ते बरोबर होतं. मी विचारलं नाही, हे चुकलं. चार वर्सं चुकलं."

ड्रेसरनं छत बरोबर आहे म्हटलं की चिखल्यात त्यावर कोणी पुन्हा सब्बल मारत नाही. घनश्यामनं भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसताच खाल्ला.

बाबुलाल जावयाच्या ताटाशी वाकला. पळी रिकामी करता करता, फक्त अश्विनला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं. गेले पाच आठवडे रोज सकाळी फोनवर हेच विचारायचं त्याच्या ओठावर यायचं आणि रोज तो दुसरंच काही विचारायचा.

"तृप्ती तं इथंच होती. मीच जाऊ देत नव्हतो. मंग तवा तुह्यासाठी लाइट कोनं धरली?"

अश्विननं ताटातली नजर वर केली नाही. "कोनी नाही, मामाजी. एका हातात आरसा होता."

"मंग?"

"दातात धरली होती."

बाबुलालच्या जबड्याला त्या सकाळची बॅटरी आठवली, तिची लोखंडी चव आठवली, आणि कडी लावलेल्या न्हाणीतलं ते एकटेपण आठवलं. त्याचं ते एका सकाळपुरतं होतं. या पोराचं तीन आठवडे होतं, आणि ते बाबुलालनं स्वतःच लादलं होतं. त्यानं मटणाचं भगुणं खाली ठेवलं आणि भर पंगतीत, वाढायचं सोडून, जावयाच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला असं बसता येत होतं.

"जेव," तो म्हणाला. "मी बसलो हावो इथंच."

मालनबाईनं भगुणं उचललं आणि पुढची रांग तिनं वाढली.